उपनगराची आजची लोकसंख्या कशी काढायची: पुणे महानगर परिसरासाठी हिशेबाची रीत

२०२५ मध्ये पुणे महापालिकेची प्रभागरचना झाली ती सुमारे ३४.८ लाख लोकसंख्या धरून. ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक, आणि सगळा हिशेब २०११ च्या जनगणनेचा. मधल्या काळात हद्दीत आलेल्या गावांची माणसेही २०११ चीच मोजलेली. प्रभागरचनेला शेवटची प्रसिद्ध झालेली जनगणना धरावी लागते, त्यामुळे तिथे इलाज नव्हता. पण पाण्याची टाकी, आरोग्य केंद्र, शाळेचे वर्ग किंवा पीएमपीच्या बसफेऱ्या मागायच्या असतील तर १५ वर्षांपूर्वीचा आकडा घेऊन जाण्यात अर्थ नाही. वाघोली, हिंजवडी, नऱ्हे, मोशी अशा भागांत तर तो आकडा दुसऱ्याच कुठल्या तरी गावाचा वाटतो.

खालची रीत सोसायट्यांचे महासंघ, ग्रामपंचायत सदस्य, पत्रकार आणि विद्यार्थी यांना उपयोगी पडेल. संगणकावर साधी एक्सेल शीट आणि पंधरा दिवसांची पायपीट एवढे भांडवल पुरते.

आधी हद्द, मग आकडा

सर्वात जास्त चुका इथे होतात. पुणे महापालिकेची लोकसंख्या १९९१ मध्ये १५,६६,६५१ होती आणि २००१ मध्ये २५,३८,४७३ झाली. वाढ ६२ टक्के. हा आकडा भाषणांत खूप चालतो, पण १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांची माणसे त्यात आहेत. ती माणसे कुठून आली नव्हती, आपापल्या घरीच होती. सरकली ती रेघ. पिंपरी-चिंचवडच्या २००१ ते २०११ या वाढीतही २००९ मध्ये आलेले ताथवडे मिसळलेले आहे.

म्हणून कागदावर पहिली ओळ ही लिहा: आपण कोणती हद्द मोजतो आहोत. पुण्यापुरते लक्षात ठेवायचे टप्पे असे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे महापालिकेत आली. जून २०२१ मध्ये आणखी २३ आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नऱ्हे, मांजरी बुद्रुक ही त्यातली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची वेगळ्या नगरपरिषदेसाठी बाहेर काढली गेली. पुणे, खडकी आणि देहूरोड ही तिन्ही कॅन्टोन्मेंट महापालिकेच्या आकड्यात धरलेली नसतात, पण जनगणनेच्या 'पुणे नागरी समूहा'त धरलेली असतात. २०११ मध्ये हा समूह ५०.६ लाखांचा होता आणि पुणे जिल्हा ९४,२९,४०८ चा. 'पुण्याची लोकसंख्या' म्हणून ३१ लाख (महापालिकेची २०११ ची हद्द), ५० लाख (समूह) आणि ९४ लाख (जिल्हा) असे तीन आकडे फिरतात ते यामुळे, आणि तिन्ही बरोबर आहेत.

ठाण्याकडचे वाचक असतील तर तिथला सापळा वेगळा. २०११ च्या १,१०,६०,१४८ या ठाणे जिल्ह्याच्या आकड्यात आजचा पालघर जिल्हा आहे, कारण तो २०१४ मध्ये वेगळा झाला. जुन्या तक्त्यांत अहमदनगर, औरंगाबाद, उस्मानाबाद ही नावे असतील, तीही शोधताना ध्यानात ठेवा.

गावाचा २०११ चा आकडा जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळतो. भाग 'अ' मध्ये गावाच्या सुविधा असतात, भाग 'ब' मध्ये प्राथमिक सार: कुटुंबे, एकूण लोकसंख्या, ०-६ वयाची मुले, साक्षर, कामगार. प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक असतो. तो टिपून ठेवा. एकाच नावाची गावे दोन-तीन तालुक्यांत असतात, आणि बुद्रुक-खुर्दचा घोळ तर नेहमीचाच.

मागच्या दशकाचा दर पुढे ओढला की काय होते

अभियांत्रिकीच्या पुस्तकांत लोकसंख्येचा अंदाज करण्याच्या तीन-चार रीती असतात आणि बहुतेक सरकारी अहवाल त्यातलीच एक उचलतात. पिंपरी-चिंचवडवर त्या चालवून पाहू. २००१ मध्ये १०,१२,४७२, २०११ मध्ये १७,२७,६९२. दहा वर्षांत ७,१५,२२० ची भर, म्हणजे ७०.६ टक्के.

अंकगणिती रीत म्हणते, दरवर्षी ७१,५२२ माणसे वाढतात. २०२६ पर्यंत १५ वर्षे, म्हणून सुमारे २८ लाख.

भूमितीय रीत म्हणते, दर कायम राहतो. एक्सेलमध्ये (१७२७६९२/१०१२४७२)^(१/१०) वजा १ केले की वार्षिक दर ५.५ टक्के निघतो. त्याच दराने २०२६ मध्ये सुमारे ३८.५ लाख.

दोन्ही रीती पुस्तकातल्या, आणि फरक साडेदहा लाखांचा. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर दरडोई १३५ लिटरने पहिला आकडा दिवसाला ३७८ दशलक्ष लिटर मागतो, दुसरा ५२०. त्यामुळे कुठल्याही अहवालात नुसता 'अंदाजित लोकसंख्या' असा रकाना दिसला तर आधी रीत विचारा. तीन जनगणनांचे आकडे असतील तर वाढीव वृद्धीची रीत थोडी बरी. पुणे जिल्ह्याचे आकडे ५५,३२,५३२ (१९९१), ७२,३२,५५५ (२००१) आणि ९४,२९,४०८ (२०११). दोन दशकांची भर १७,००,०२३ आणि २१,९६,८५३; सरासरी १९,४८,४३८; भरीतली वाढ ४,९६,८३०. २०११ च्या आकड्यात ही सरासरी आणि ही वाढ मिळवली की २०२१ साठी १ कोटी १८ लाख ७५ हजारांच्या आसपास.

जिल्ह्यासाठी हे चालेल. मोठ्या प्रदेशात एकीकडचा खड्डा दुसरीकडच्या उंचवट्याने भरून निघतो. एखाद्या प्रभागासाठी किंवा गावासाठी ही रीत वापरू नका. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये साडेसात टक्क्यांनी घटली आणि त्याच काळात शेजारचा ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. जुन्या पेठेला कोणी आयटी पार्कचा दर लावला, तर राहत्या वाड्यांची दुकाने झालेल्या गल्लीतही माणसे फुगलेली दिसतील.

वाढ कशातून झाली ते वेगळे करा

नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ आणि मृत्युदर ५.५ होता. म्हणजे जन्म-मृत्यूच्या हिशेबाने हजारामागे साडेनऊ माणसांची भर, दशकाला साधारण १० टक्के. २००१-११ मध्ये ती १२-१३ टक्के होती. पिंपरी-चिंचवड ७० टक्क्यांनी वाढले. उरलेली वाढ पाळण्यातून आलेली नाही, एसटीतून आणि रेल्वेतून आलेली आहे. राज्याचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ होता. 'लोकांना मुले फार होतात म्हणून शहर फुगले' असे सभेत कोणी म्हणाले तर हे दोन आकडे पुढे करावेत.

स्थलांतरासाठी जनगणनेचे 'डी' मालिकेतले तक्ते बघा. आधीचे राहण्याचे ठिकाण, किती वर्षांपूर्वी आले आणि कारण, हे त्यात असते. वाचताना तीन गोष्टी सांभाळा. जुन्नरहून चिंचवडला आलेला माणूस जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हललेला, पण तक्त्यात तोही स्थलांतरित. बायकांच्या रकान्यात 'विवाह' हे कारण मोठे असते. ती संख्या नोकरीसाठी आलेल्यांत मिसळू नका. आणि लातूरहून आलेल्या जोडप्याचे पुण्यात जन्मलेले आणि इथेच वाढलेले मूल स्थलांतरित धरत नाहीत.

तक्ता जुना झाला असला तरी त्यातून वयाची चावी मिळते. २००१ च्या वयोगट तक्त्यातून १०-१४ वर्षांची मुले घ्या आणि २०११ च्या तक्त्यातून २०-२४ ची. ही तीच पिढी, दहा वर्षांनी मोठी झालेली. या वयात मृत्यू अगदी थोडे, म्हणून फरक जवळजवळ सगळा येण्या-जाण्याचा. समजा, १०-१४ ची मुले १,००,००० होती आणि दहा वर्षांनी २०-२४ ची १,४५,००० सापडली, तर निव्वळ आवक किमान ४५ हजार. पुरुष आणि स्त्रिया वेगळे काढा. कारखान्यांच्या पट्ट्यात पुरुष जास्त निघतील. हद्द बदललेली असेल तर आधी दोन्ही वर्षांची हद्द सारखी करा, नाहीतर ही चावी भलतेच कुलूप उघडते. साठीपुढच्या वयाला ही रीत अशीच लावू नका. तिथे मृत्यूंची वजावट करावी लागते.

आजचा आकडा: घरांवरून माणसे

गावाच्या किंवा प्रभागाच्या पातळीवर भरवशाची रीत एकच. राहती घरे गुणिले घरटी माणसे, अधिक वसतिगृहे आणि मजुरांचे कॅम्प.

घरांचा आकडा महावितरणच्या घरगुती मीटरवरून घ्या. मालमत्ता कराची यादी त्याखालोखाल, पण नव्याने हद्दीत आलेल्या गावांत करआकारणी मागे असते आणि एकाच नावावर आठ खोल्या असतात. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाच्या, नोंदीत प्रकल्पातल्या सदनिका दिसतात. त्यातल्या किती जणांनी ताबा घेतला आणि किती राहायला आले हे त्यावरून कळत नाही.

मीटरची माहिती माहिती अधिकारात मागता येते. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींना पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. लांबलचक प्रस्तावना लिहिणाऱ्यांचे अर्ज इथेच अडकतात. ग्राहकांची नावे मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नकार येईल. असे मागा: अमुक उपविभागातील अमुक गावाच्या हद्दीतील घरगुती ग्राहकांची एकूण संख्या, आणि त्यापैकी मागील तीन महिन्यांत महिना ३० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्यांची संख्या. दुसरा आकडा कुलूपबंद घरांचा. फ्रीज चालू असलेले घर ३० च्या खाली सहसा जात नाही.

आता घरटी माणसे. इथे २०११ ची जिल्हा सरासरी वापरू नका, स्वतः मोजा. घरांचे प्रकार पाडा: सोसायटीतल्या सदनिका, गुंठेवारीतली (गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरची) घरे आणि भाड्याच्या खोल्या, वस्ती, कॉट बेसिसच्या (पलंगामागे भाडे घेणाऱ्या) खोल्या आणि हॉस्टेल, बांधकामावरचे लेबर कॅम्प. पहिल्या तिन्ही प्रकारांत किमान शंभर घरे घ्या. शंभर घरांत सरासरीची चूक साधारण ०.३ माणसाची राहते, चारशे घरांत ०.१५. पहिल्या मजल्यावरची सगळी घरे घेऊन थांबू नका. दर पाचवे किंवा दहावे दार ठोठवा. बंद दारी संध्याकाळी आणि रविवारी परत जा, नाहीतर नोकरी करणारी जोडपी गळतात आणि आजी-आजोबा असलेली घरे जास्त मोजली जातात.

विचारायचे दोनच प्रश्न. काल रात्री या घरात किती जण झोपले? आणि त्यातले किती जण सहा महिन्यांहून जास्त काळ इथे राहतात, किंवा राहणार आहेत? 'तुमच्या कुटुंबात किती जण' असे विचारलेत तर गावाकडचे आई-वडील आणि अमेरिकेतला मुलगाही मोजला जाईल.

एक कल्पित उदाहरण करून पाहू. समजा, गावात सदनिकांचे ९,००० मीटर आहेत. १८ टक्के बंद, राहिले ७,३८०. घरटी ३.३, म्हणून २४,३५४ माणसे. गुंठेवारी आणि चाळींचे ४,००० मीटर. पण इथे एका मीटरवर सरासरी २.२ चुली आहेत, म्हणजे ८,८०० बिऱ्हाडे. ५ टक्के रिकामी धरली तर ८,३६०, घरटी ३.९, म्हणून ३२,६०४. हॉस्टेल-कॉट बेसिसचे २,१०० पलंग, ८५ टक्के भरलेले, १,७८५. कॅम्पात १,५००. बेरीज ६०,२४३.

आता एका मीटरवर २.२ ऐवजी १.९ चुली धरा: बेरीज ५५,७९७ होते. २.५ धरा: ६४,६८९. सगळा आकडा कशावर हलतो ते इथे कळते. उंच टॉवर डोळ्यांत भरतात, त्यांच्या जाहिराती असतात, म्हणून सगळे तेच मोजतात. माणसे मात्र मागच्या गल्लीतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत जास्त असतात, आणि तिथे मालकाचे एकच मीटर, बाकी भाडेकरूंना सबमीटर. वेळ कमी असेल तर टॉवरमधली पन्नास घरे सोडा, पण मीटरमागे चुली किती हे नीट मोजा. मालक भाडेकरूंची संख्या कमी सांगतो, घरपट्टी वाढेल या भीतीने. दाराबाहेरच्या चपला आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या त्याच्यापेक्षा खरे बोलतात.

पडताळा घेताना

निघालेला आकडा दुसऱ्या एखाद्या नोंदीशी ताडून बघायचा. मात्र प्रत्येक नोंदीला तिची खोड आहे.

जन्मनोंद जिथे बाळंतपण झाले तिथे होते. ससूनमध्ये जन्मलेले दौंडचे किंवा श्रीगोंद्याचे बाळ पुण्याच्या खात्यात जाते. म्हणून आईच्या राहण्याच्या पत्त्यानुसार आकडे मागा. त्यातही पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे हिंजवडीतल्या सुनेचे मूल उदगीरला नोंदले जाते. शिवाय उपनगर तरुण असल्याने तिथे जन्मदर राज्यापेक्षा जास्त असतो. ६०,००० लोकसंख्येला हजारी १५ ने ९०० जन्म येतील. प्रत्यक्षात १,१५० आले म्हणून लोकसंख्या ७७ हजार ठरत नाही. जन्मनोंद एका वर्षाच्या आकड्यासाठी न वापरता पाच वर्षांचा कल बघायला वापरा.

मतदारयादीतून १८ वर्षांवरची माणसे कळावीत अशी अपेक्षा असते. पण नोकरीसाठी आलेल्या अनेकांचे नाव गावच्या यादीतच असते, कारण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला त्या एका मताला किंमत असते. उलट इथून सोडून गेलेल्यांची नावे वर्षानुवर्षे निघत नाहीत. दोन चुका एकमेकींना कापतील या आशेवर राहू नका. रेशनकार्डाचेही तेच, आधारवरचा पत्ता तर बहुतेकांचा पहिल्याच घराचा.

शाळेची पटसंख्या चांगली, पण वाघोलीतली मुले खराडीच्या शाळेत बसने जात असतील तर शाळेच्या गावाचा आकडा फुगतो. पहिलीचा पट मुलांच्या पत्त्यानुसार मिळाला तरच घ्या. अंगणवाडीचे सर्वेक्षण वस्तीत चांगले लागू पडते, सोसायट्यांत जवळपास शून्य.

कोथरूड, एरंडवणे अशा जुन्या भागांत उलटी काळजी घ्यावी लागते. तिथे घर चालू, वीज चालू, आणि आत दोन ज्येष्ठ किंवा एकच. घरटी ३.३ लावलेत तर माणसे दीडपटीच्या वर जातील. अशा भागात पाण्यापेक्षा रॅम्प, रक्तदाब तपासणी आणि बसच्या पायरीची उंची हे मुद्दे आधी येतात, त्यामुळे वयाचा रकाना सर्वेक्षणात ठेवाच. ०-६, ७-१७, १८-३४, ३५-५९, ६० पुढे एवढे पाच गट पुरतात.

जनगणना येते आहे, तिच्यासाठी

पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीची ठरली आहे. घरयादीचा टप्पा त्याआधी, २०२६ मध्ये. प्रगणकाला, म्हणजे दारोदार मोजणी करणाऱ्याला, साधारण १२५-१५० घरांचा एक गट दिलेला असतो. गळती होते ती ठरावीक जागी: वॉचमनने गेटवरच परत पाठवलेली सोसायटी, एका दाराआड असलेल्या चार चुली, आणि दोन गटांच्या सीमेवरचा लेबर कॅम्प. फेब्रुवारीत ऊसतोडीचा हंगाम असतो, म्हणून बीडची टोळी इंदापूरच्या कारखान्यावर असेल तर तिथेच मोजली जाईल. तालुक्याचा आकडा वाचताना हे ध्यानात असू द्या.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक गोष्ट आवर्जून सांगा: जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ प्रमाणे दिलेली माहिती गोपनीय असते आणि न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. भाडेकरूंची संख्या लपवणाऱ्या घरमालकांपर्यंत हे पोचले तर मोजणी सुधारते.

निवेदनात आकडा लिहिताना एकच संख्या लिहू नका. '५६ ते ६५ हजार. महसुली गावाची २०११ ची हद्द. मोजणीचा महिना अमुक. मीटरमागे चुली १.९ ते २.५' असे एका ओळीत लिहा. ६०,२४३ असा नेमका आकडा दिला की अधिकारी पहिली शंका त्या शेवटच्या तीनवर काढतो. घरयादीचे आकडे प्रसिद्ध झाले की तुमच्या शीटमधली राहती आणि बंद घरे, मीटरमागच्या चुली आणि घरटी माणसे आधी बदला. वसतिगृहांचे आणि कॅम्पचे रकाने लोकसंख्येचे तक्ते येईपर्यंत तसेच राहू द्या.